आवाज तुमचा, कान आमचे

तेलुगूत 'शब्दम्' म्हणजे आवाज. मराठीत 'शब्द' म्हणजे शब्द. मूळ संस्कृतात हे दोन्ही अर्थ एका घरात नांदत होते. पुढे वाटणी झाली, तेव्हा एका भाषेने एक अर्थ उचलला, दुसरीने दुसरा. आमच्या नेरडीगोंड्यासारख्या गावात एकाच बाकावर मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले बसतात, तेव्हा या वाटणीची गंमत रोज अनुभवाला येते. ध्वनिप्रदूषणाला तेलुगूत 'शब्द कालुष्यम्' म्हणतात. मराठी घरातले पोर ते वाचते आणि विचारते, "सर, शब्द मळले म्हणजे काय झालं?" पोराचा प्रश्न भाषेपुरता होता. मला मात्र तो गावापुरता वाटला. आमच्याकडे आवाज वाढला आहे आणि त्यात शब्द खरोखरच मळले आहेत.

हा लेख मोटारसायकलच्या सायलेन्सरविषयी आहे. दिवाळी अंकात कथा-कवितांच्या शेजारी सायलेन्सरला जागा कशी, असे एखाद्या रसिक वाचकाला वाटेल. त्याला माझे उत्तर असे की कविता वाचायलासुद्धा घटकाभर शांतता लागते, आणि ती आमच्या सीमाभागातल्या गावांतून हळूहळू उठत चालली आहे. ती कुणी परक्याने नेलेली नाही. आमच्याच पोरांनी, आमच्याच पैशाने, आमच्याच अंगणात उभ्या असलेल्या गाडीला एक नळी बसवून ती नेली आहे. म्हणून हा लेख पोरांसाठी कमी आणि त्यांच्या आईबापांसाठी अधिक आहे.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे पंचांग कापसावर चालते. दसऱ्याला गाडीची चौकशी होते, पहिल्या वेचणीचा पैसा हातात पडला की दिवाळीच्या पाडव्याला गाडी दारात येते. साडेतीन मुहूर्तांतला तो अर्धा मुहूर्त. पण गाडीच्या दुकानदारांसाठी पूर्ण. बहीण गाडीला ओवाळते, झेंडूची माळ घालते, चाकाखाली लिंबू चिरडला जातो. यात वाईट काही नाही. ज्या बापाने आयुष्यभर बैलगाडी हाकली त्याच्या पोराने मोटारसायकल घ्यावी, यासारखा आनंद नाही. वाईट पुढे आहे. महिनाही उलटत नाही तोच कंपनीने दिलेला नवाकोरा, न गंजलेला, न फुटलेला सायलेन्सर काढला जातो आणि त्याच्या जागी बाजारातला एक स्वस्त डबा बसतो.

या डब्याला बाजारात 'स्लिप-ऑन' म्हणतात. इंजिनातून निघणारी वाकडी नळी, म्हणजे मेकॅनिक जिला बेंड पाइप म्हणतात ती, तशीच ठेवायची आणि मागचा डबा तेवढा बदलायचा. नवा डबा नळीवर सरकवायचा, क्लॅम्प आवळायचा, झाले. बुलेटसारख्या गाडीला हे थोड्या वेळाचे काम आहे. शंभर-सव्वाशे सीसीच्या अनेक गाड्यांत मात्र नळी आणि डबा एकसंध असतात. तिथे ग्राइंडरने मूळ सायलेन्सर कापतात आणि नवा डबा वेल्डिंगने चिकटवतात. म्हणजे परतीचे दोरच कापले. डब्यांची नावेही ऐकण्याजोगी आहेत: शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, डॉल्फिन, मेगाफोन, पंजाब, इंदोरी. हजार-दोन हजारांत काम भागते. काही डब्यांवर आक्रापोविच या नावाची पट्टी चिकटवलेली असते. ही स्लोव्हेनिया देशातली कंपनी एका माजी शर्यतपटूने काढली. तिच्या नळ्या जागतिक शर्यतींतल्या गाड्यांना लागतात आणि तिच्या खऱ्या डब्याच्या किमतीत आमच्याकडे एखादी जुनी गाडी येईल. दीड हजारांच्या डब्यावर ते नाव म्हणजे पितळेच्या पाटलीवर सोन्याचा छाप.

आता हा डबा करतो काय आणि मूळ सायलेन्सर करत होता काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण अज्ञानावर रागावण्यात अर्थ नसतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा जळालेला वायू बाहेर फेकला जातो. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला पन्नास वेळा. हा प्रत्येक सुटलेला वायू म्हणजे एक छोटासा स्फोट. सायलेन्सरच्या पोटात कप्पे, पडदे आणि भोकांच्या नळ्या असतात. त्यांतून वायू वळणे घेत जातो, पसरतो, थंडावतो. ध्वनीच्या लाटा एकमेकींवर आपटून एकमेकींना मारतात. या युक्तीचे पेटंट १८९७ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंनी घेतले. मोटारगाडी नीट धावायलाही लागली नव्हती, तेव्हा माणसाला कळले होते की हे यंत्र गावात आणायचे असेल तर आधी त्याच्या तोंडावर हात ठेवला पाहिजे. सव्वाशे वर्षांनंतर आम्ही तो हात बाजूला करतो आहोत आणि त्याला प्रगती म्हणतो आहोत.

स्वस्त डब्याच्या पोटात बहुधा एक सरळ भोकांची नळी असते आणि तिच्याभोवती काचेच्या लोकरीचे वेटोळे. सरळ नळीतून आवाज सरळ बाहेर येतो. लोकर काही महिन्यांत जळते, उडते, आणि डबा आणखी मोकळा होतो. काही डब्यांच्या तोंडात आवाज कमी करणारी एक छोटी टोपी एका स्क्रूने बसवलेली असते. तिला पोरे 'डीबी किलर' म्हणतात. डबा घरी आणल्यावर पहिला स्क्रू कोणता निघतो, हे सांगायची गरज नाही.

"पण सर, याने गाडीचा पिकअप वाढतो," असे मला आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने ऐकवले. मी त्याला गणित घातले. शंभर सीसीच्या साध्या गाडीची ताकद सुमारे आठ अश्वशक्ती. ताकद येते ती सिलिंडरात किती हवा आणि किती पेट्रोल जळते यावरून. मागचा डबा बदलला आणि बाकी काहीच बदलले नाही, तर आठ घोड्यांची गाडी आठच घोड्यांची राहते. फक्त घोडे खिंकाळू लागतात. उलट १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत पेट्रोलचे माप ठरवणारा सेन्सर आणि विषारी धूर गाळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच नळीच्या वाटेवर बसवलेले असतात. कापाकापीत कन्व्हर्टरच जर निघाला तर आवाजाबरोबर धूरही मोकाट सुटतो. त्या कन्व्हर्टरात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू अल्प प्रमाणात असतात. आमचे पोर तो डबा भंगारात लोखंडाच्या भावाने टाकते. रत्न देऊन खुळखुळा घेणे, ते हेच.

धावत्या गाडीचे बटण बंद-चालू करून फटाक्यासारखे बार काढण्याची जी कला आहे, तिचेही शास्त्र सांगतो. बटण बंद केल्यावर सिलिंडरातले पेट्रोल न जळताच गरम नळीत उतरते आणि तिथे भडकते. म्हणजे पोर पेट्रोल जाळते आहे, पण गाडी पुढे नेण्यासाठी नव्हे. पेट्रोलचे पैसे बाप देतो.

असो. गाडी त्याची, पेट्रोल बापाचे, नुकसान त्यांचे. एवढेच असते तर मी लेखणी उचलली नसती. पण या स्वस्त डब्याची खरी किंमत दुकानात चुकती होत नाही. दीड हजार दुकानदाराला मिळतात आणि बाकीची रक्कम गावाच्या नावे उधार पडते. ती फेडतो कोण, ते पाहा. दवाखान्यातली बाळंतीण फेडते. रात्रपाळी करून दिवसा झोपलेला ट्रकचालक फेडतो. गोठ्यातली गाभण गाय फेडते. आणि ज्याच्याविषयी बोलण्याचा मला अधिकार आहे, तो शाळेतला मुलगा ही उधारी सर्वांत जास्त फेडतो.

कसे, ते सांगतो. शिक्षकाचा साधा बोलण्याचा आवाज एका मीटरवर साठ-पासष्ट डेसिबल भरतो. मागच्या बाकापर्यंत जाताना तो घटतो. डेसिबलचे माप सरळ बेरजेचे नसते: दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते आणि कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. खिडकीबाहेरून असली गाडी गेली की वर्गातले शिक्षण बंद पडते; मी थांबतो, माना खिडकीकडे वळतात, गाडी वळणाआड जाते, आणि मग "कुठं होतो आपण?" पासून पुन्हा सुरुवात. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात हे चार-पाच वेळा झाले की तासाचा तासपणाच निघून जातो.

पण यापेक्षा मोठी एक गोष्ट आहे आणि ती आमच्यासारख्या दुभाषी जिल्ह्यांनाच विशेष लागू आहे. मातृभाषेत ऐकताना एखादे अक्षर गळाले तरी मन ते अंदाजाने भरून काढते. दुसऱ्या भाषेत ऐकताना तो अंदाज पुरत नाही. गोंगाटात दुसरी भाषा ऐकणाऱ्याचे नुकसान पहिली भाषा ऐकणाऱ्यापेक्षा जास्त होते, हे श्रवणाच्या अभ्यासकांनी प्रयोगांनी दाखवून दिले आहे. उदाहरण आपल्या घरचेच घ्या. तेलुगूत 'चेस्तानु' म्हणजे 'करीन' आणि 'चेयनु' म्हणजे 'करणार नाही'. मराठीसारखे स्वतंत्र 'नाही' तिथे नाही; होकार-नकार क्रियापदाच्या पोटात दडलेला. ते मधले एक अक्षर गाडीच्या आवाजात बुडाले की तेलुगू घरातला मुलगा संदर्भाने तरून जातो, आपला मराठी मुलगा बुडतो. गोंडी बोलणारा मुलगा तेलुगूतही बुडतो, मराठीतही बुडतो आणि इंग्रजीत तर तळालाच जातो.

आपण सीमेवरची माणसे. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली, किनवट नांदेडात गेले, आपण इकडे राहिलो. २०१४ मध्ये राज्य बदलले, २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार तुकडे झाले. या सगळ्या घडामोडींत आपल्या हाती एकच भांडवल राहिले: दोन-तीन भाषा कानाने उचलण्याची सवय. आपली पोरे तेलुगू शिकली ती पुस्तकातून कमी आणि ऐकून अधिक. कचेरीत, बाजारात, एसटीत, शेजारच्या ओट्यावर ती ऐकत आली. ऐकणे हाच आपला धंदा आहे म्हणा ना. त्या धंद्याच्या मुळावर येणारी वस्तू आपण स्वतः विकत आणून, हळदकुंकू लावून अंगणात उभी करतो, याला काय म्हणावे?

आता समोरच्या बाजूचे म्हणणे ऐकू. ऐकण्याची बाजू घेणाऱ्याने तेवढे तरी केले पाहिजे.

पहिले म्हणणे सुरक्षिततेचे. आमचे गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर, पूर्वीच्या सात आणि आताच्या चव्वेचाळीस क्रमांकाच्या रस्त्यावर आहे. "ट्रकवाल्याला आवाज आला तर तो जपतो," असे पोरे म्हणतात. ऐकायला बरे वाटते. पण डब्याचे तोंड मागे असते. आवाजाचा जोर मागे जातो. समोरून येणाऱ्या आणि फाट्यावरून आडव्या घुसणाऱ्या वाहनाला तो उशिरा पोचतो, आणि काचा चढवून गाणी लावलेल्या चालकाला पोचतच नाही. इशारा द्यायला कायद्याने हॉर्न दिला आहे, दिसायला दिवा दिला आहे, डोके वाचवायला हेल्मेट आहे. ज्या पोराला सुरक्षिततेची एवढी काळजी त्याचे हेल्मेट आरशाला का लटकते, हे मला कुणी समजावून सांगावे.

दुसरे म्हणणे परंपरेचे. "बुलेटचा आवाज पहिल्यापासून मोठाच होता की." होता, आणि तो कानाला गोडही वाटे. पण ती जुनी डग-डग कंपनीच्या सायलेन्सरातून गाळून येत असे. तिच्यात खर्ज होता, कर्कशपणा नव्हता. आज त्याच गाडीला इंदोरी डबा लावून जे ऐकवले जाते ते म्हणजे पेटीच्या भात्याला भोक पाडून आळवलेला राग.

तिसरे म्हणणे मात्र खरे आहे आणि ते मी आदराने ऐकतो. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाच्या दहा वर्षांच्या गाडीचा सायलेन्सर गंजून फुटतो. कंपनीचा घ्यायचा तर परवडत नाही. तो बाजारातला स्वस्त डबा घेतो, ती त्याची हौस नसते, गरज असते. या माणसावर मी बोट उगारणार नाही. पण त्यालाही बाजारात आतल्या कप्प्यांसह साधा, मूळ घाटाचा स्वस्त सायलेन्सर मिळतो. तो आवाज करत नाही म्हणून मेकॅनिक त्याची जाहिरात करत नाही, एवढेच. आणि गंमत पाहा: शौकिनांनी काढून टाकलेले कंपनीचे धडधाकट सायलेन्सर भंगारात पडलेले असतात, आणि गरजवंत फुटक्या नळीने फिरत असतो. दोघांची गाठ घालून द्यायला गावातला एक प्रामाणिक मेकॅनिक पुरे आहे.

चौथे म्हणणे कुणी उघड करत नाही, पण मला ते पोरांच्या डोळ्यांत दिसते. शिकले, नोकरी नाही. शेतात बाप विचारत नाही, घरात कुणी ऐकत नाही, गावात कुणी ओळखत नाही. गाडीचा आवाज झाला की माना वळतात; तेवढ्या दोन क्षणांसाठी गावाला आपण दिसतो. हे दुःख खरे आहे. ज्याचे कुणी ऐकत नाही तो आवाज चढवतो, हा मनुष्यस्वभाव आहे. पण पोरांनो, वळलेल्या माना पुन्हा एकदा नीट पाहा. त्या माना तुमच्याकडे वळत नाहीत, त्रासाच्या दिशेने वळतात. कुत्रे भुंकले तरी तशाच वळतात. उथळ पाण्याला खळखळाट फार, असे आपली आजी म्हणत असे. आमच्याजवळच कडेम नदीवर कुंतला धबधबा आहे. सुमारे पंचेचाळीस मीटरवरून पाणी कोसळते आणि त्याचा घोष झाडीतून दूरवर येतो. तो ऐकायला लोक लांबून वाट वाकडी करून येतात. तुमची नळी ऐकायला आजवर कुणी आले आहे काय?

आता कायदा. कायदा नाही, अशी तक्रार करण्याची सोय नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२० सांगतो की प्रत्येक गाडीला आवाज शक्य तेवढा कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. दुचाकी कारखान्यातून निघताना तिचा आवाज किती असावा याच्याही मर्यादा २००५ पासून ठरलेल्या आहेत: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७, त्यापुढे ८०. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शाळा, दवाखाने आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची तरतूद आहे. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाच्या खटल्यात स्पष्ट केले की बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या आड लपून कुणाला दुसऱ्याच्या कानावर आवाज लादता येणार नाही. जुलै २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठाने तर खास या बदललेल्या सायलेन्सरांचीच स्वतःहून दखल घेतली.

आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० चे दुसरे उपकलम प्रत्येक बापाने एकदा वाचावे. आवाजाची मर्यादा मोडणारी गाडी जो चालवतो त्यालाच शिक्षा आहे असे नाही. जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो त्यालाही आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ गाडीत परस्पर फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते. त्याच दुरुस्तीतले कलम १९९-अ तर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला की पालकालाच दोषी धरते: तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. दहावीतला मुलगा पंधरा-सोळाचा असतो. तो शाळेच्या फाटकाशी गाडी फुरफुरवतो तेव्हा आवाजाचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की किल्ली त्याच्या हातात दिली कुणी?

कायदा असा शहाणा, अंमल मात्र अधूनमधून. पुणे, नागपूर, हैदराबाद, विशाखापट्टणम अशा शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडले आणि त्यांवर रोडरोलर फिरवला. छायाचित्रे छापून आली, लोकांना बरे वाटले. मलाही वाटले. पण दुसऱ्या दिवशी ज्या दुकानांतून ते डबे आले ती दुकाने नेहमीप्रमाणे उघडली. डब्यावर बारीक अक्षरांत 'फक्त शर्यतीसाठी' असे छापले की विकणारा मोकळा. आमच्या जिल्ह्यात शर्यतीचे मैदान कुठे आहे, हे त्या विकणाऱ्याला विचारणारा कुणी नाही. पाने खुडायची आणि मुळाला पाणी घालायचे, अशी ही बागकामाची रीत आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. सीमाभागातल्या मराठी मंडळींना एक खोड आहे. वाईट गोष्ट दिसली की ती कुठल्या भाषेतून आली हे आधी शोधायचे. "हे तेलुगू सिनेमांचं खूळ हो," असे आपल्यातले एक गृहस्थ मला म्हणाले. त्याच आठवड्यात एका तेलुगू पालकाने हेच मला दुसऱ्या अंगाने सांगितले: "सार, हे डबे महाराष्ट्रातून येतात." दोघांच्याही दारात तसलीच गाडी उभी होती! त्या नळीला मातृभाषा नाही. ती मराठी पोराच्या बुडाखालीही तेच बोलते आणि तेलुगू पोराच्याही. भाषेसाठी भांडणाऱ्या आपण दोन्ही बाजूंच्या शहाण्यांनी निदान या एका बाबतीत एकत्र यायला हरकत नसावी.

एका पालकांना मी शाळेत बोलावले होते. शांत, कष्टाळू माणूस. म्हणाले, "सर, एकुलतं एक पोट्टं हाय, हौस करून राह्यलं. आपण काय, आज हाय उद्या नाही." मी म्हटले, "दादा, हौस तुमच्या पोराची, झोप शेजाऱ्याची. शेजाऱ्याला विचारलंत का?" ते गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "त्याच्याही पोट्ट्याच्या गाडीला तसलाच हाय." यावर दोघेही हसलो, पण मला ते हसू फार काळ पुरले नाही. एकमेकांची झोप मोडण्याचा अधिकार आम्ही एकमेकांना बहाल करून टाकला आहे आणि त्याला शेजारधर्म म्हणतो आहोत.

पोरांना हे शिकवले कुणी, तेही प्रामाणिकपणे पाहावे. लग्नात छाती हादरवणारा डीजे वडीलधाऱ्यांच्या सहीने ठरतो. मिरवणुकीतली भिंतीएवढी कर्ण्यांची रास मंडळाच्या अध्यक्षांच्या पावतीने येते. सभेला भोंगे नेते लावतात. घरातला टीव्ही शेजाऱ्याला ऐकू जाईल असा आपण लावतो. अठरा वर्षे पोराने पाहिले की ज्याचा आवाज मोठा त्याचा मान मोठा. एकोणिसाव्या वर्षी त्याने दीड हजारांत आपला वाटा विकत घेतला. आता त्याच्यावर ओरडायचे तर तेही मोठ्यानेच!

मी आवाजाचा शत्रू नाही. दिवाळीच्या दिवसांत आमच्या भागात गोंड बांधवांची दंडारी निघते. मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी नाचत एका गावाहून दुसऱ्या गावाला पाहुणे म्हणून जातात. या गुसाडी नृत्याचे शिक्षण पोरांना देणारे मारलवाईचे कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली; २०२४ च्या ऑक्टोबरात ते गेले. दंडारीची वाद्ये काही हळू वाजत नाहीत. पण ज्या गावात ती जातात ते गाव वाट पाहत असते, ओवाळते, जेवू घालते. त्या आवाजाला आमंत्रण आहे, ठरलेले दिवस आहेत, आणि दिवस संपले की टोप उतरतात. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या घुंगुरमाळा वाजतात, त्याही कुणाला टोचत नाहीत. गावाने मागितलेला आवाज आणि गावावर टाकलेला आवाज यांतला हा फरक पोरांना दाखवायला आपल्याकडे दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही.

तेव्हा वाचकहो, माझे मागणे मोठे नाही. ते रोडरोलरचेही नाही. या पाडव्याला ज्यांच्या घरी नवी गाडी येणार आहे त्यांनी कंपनीचा सायलेन्सर काढू देऊ नये. ज्यांच्या घरी तो काढला गेला आहे आणि कोपऱ्यात पडून आहे, त्यांनी भाऊबीज उरकल्यावर पोराला बरोबर घेऊन मेकॅनिककडे जावे आणि तो परत बसवून घ्यावा. मजुरी बापाने द्यावी, कारण डब्याचे पैसेही बहुधा त्यानेच दिले होते. ज्यांनी तो भंगारात घातला त्यांनी साधा, कप्प्यांचा डबा घ्यावा. ज्यांचे पोर अजून अठराचे झालेले नाही त्यांनी किल्ली देव्हाऱ्यामागे ठेवावी. आणि गावातल्या मेकॅनिक बंधूंना विनंती की ग्राइंडर चालू करण्याआधी एकदा, फक्त एकदा, "कापू नकोस, मूळचाच बरा" असे म्हणून पाहावे. तुमचे शब्द पोरे आमच्यापेक्षा जास्त मानतात.

शाळेपुरते मी आमच्या शिक्षकांशी बोललो आहे. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडेल तेव्हा ज्याच्या गाडीला असला डबा असेल त्याच्या पालकांना, मग ते मराठी असोत की तेलुगू, एक पत्र जाईल. पत्र दोन्ही भाषांत असेल. त्यात कलम १९० असेल, आणि दहावीच्या परीक्षेला किती दिवस उरले आहेत तो आकडा असेल. वर्गात या, मागच्या बाकावर माझ्याशेजारी एक तास बसा आणि मोजा, असे आमंत्रणही असेल. पहिले पत्र कुणाला द्यायचे ते ठरले आहे. त्या दारात दिवाळीचा आकाशकंदील मी दरवर्षी पाहतो, फराळाचे ताट दरवर्षी माझ्या घरी येते, आणि यंदाही ते येईल अशी माझी खात्री आहे.